भजनाने पारखलेली खोली

घाटकोपरला स्टेशनलगतच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्याच्या खोलीचे आम्ही भाडेकरू. मालकीण सुगंधाबाई मुणगेकर स्वतः लालबागच्या चाळीत राहतात आणि गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर, आहेत. खोली घेताना बाबांनी पाण्याची वेळ विचारली, संडास कुठे ते विचारलं. सुगंधाबाईंनी एकच अट घातली.

"महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी खोली आमची. सामान गॅलरीत काढायचं, आणि तुम्हीही ऐकायला बसायचं."

आईला ही अट चमत्कारिक वाटली. पुढे एका शनिवारी गॅलरीत ट्रंकेवर बसून सुगंधाबाईंनी तिला त्यामागची हकिगत सांगितली. तेव्हापासून आई सामान काढायला दुपारीच लागते.

सुगंधाबाई मालवणाकडच्या. लग्न होऊन मुंबईत आल्या आणि वर्षभरात गिरणीत लागल्या. नवरा दत्ताराम त्याच गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा. पण लालबागेत त्याला साचेवाला म्हणून कुणी ओळखत नसे. तो दत्तारामबुवा. मुंबईतल्या गावकऱ्यांच्या भजनी मंडळाचा मुख्य गायक. गिरणीच्या खडखडाटात दिवस काढून त्याचा गळा तसाच मोकळा कसा राहिला, याचं चाळीला नवल वाटे.

त्यांच्यातली माणसं कमावत मुंबईत, घर बांधत गावी. मुंबईत जागा विकत घेणं म्हणजे गाव सोडणं, असंच सगळे समजत. सुगंधाबाईंचा हिशेब वेगळा होता. "गावचं घर दिरांनी सांभाळलं, चांगलंच झालं," त्या म्हणत. "पण यांचे हात थकले की चूल कशावर पेटणार? गावच्या घराला काय भाडेकरू येतो?"

मार्गशीर्षात दोन जागा त्यांच्या नजरेत आल्या. मुलुंडला डोंगराच्या अंगाला एक बैठं घर होतं. दोन ऐसपैस खोल्या, पुढे ओटी, मागे विहीर आणि एक फणस. दुसरी ही घाटकोपरची खोली. एक खिडकी, एक मोरी, बाहेर सामाईक गॅलरी. दोन्हींची किंमत जवळपास सारखी, आणि दोघांच्या सगळ्या नोकरीची पुंजी एकाच जागेला पुरणारी. चुकलं तर पुन्हा जमवायला आयुष्य उरलं नव्हतं.

दत्ताराम फणस पाहूनच पाघळला होता.

"अगो, ओटीवर सगळं मंडळ मांडी घालून बसेल. गावचा माणूस आला तर पाय पसरून झोपेल. त्या घाटकोपरच्या डबीत काय ठेवणार? टाळ?"

"झोपायला लालबागची खोली आहे ना. ही जागा भाड्याला द्यायची आहे. भाडेकरू फणस विचारत नाही, स्टेशन विचारतो."

"भाडेकरू चार दिवसांचा. घर आपलं."

आठवडाभर हेच चाललं. शेवटी सुगंधाबाईंनी तोड काढली. देवाचं नाव घेतल्याशिवाय जागा घ्यायची नाही, हा दत्तारामचाच नेम. मग दोन्हीकडे एकेक शनिवार भजन लावावं, मालकांची परवानगी मागावी, आणि जिथे भजन रंगेल ती जागा घ्यावी. दत्ताराम हसला. रिकाम्या मोठ्या घरात आवाज कसा घुमतो, हे त्याला ठाऊक होतं.

"हरलीस समज," तो म्हणाला.

पहिला शनिवार मुलुंडचा. सुगंधाबाईंनी काळ्या वाटाण्यांची उसळ केली, डबा डोक्यावर घेतला आणि स्टेशनपासून गवतातल्या पायवाटेने निघाल्या. वाट संपता संपेना. ओटीवर कंदील लावून दत्ताराम वाट बघत होता. माणसं एकेक, दोनदोन येत होती. निम्मं मंडळ आलंच नाही. सर्वांत शेवटी गुणाजी आला. गुणाजी मंडळाचा पखवाजी, दत्तारामच्याच वाडीतला. पखवाज एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत तो ओटीवर टेकला.

"जागा झकास हा, बुवानु," तो म्हणाला. "पण पखवाजाक पाय नाय हत."

तरी भजन सुरू झालं, आणि दत्तारामने पहिला सूर लावला तेव्हा सुगंधाबाईंच्या हातातली उसळीची पळी तशीच राहिली. भिंती कोऱ्या, छप्पर उंच. तो आवाज घरभर फिरून विहिरीपर्यंत जाऊन परत येत होता. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याचा आवाज असा पुरा ऐकलाच नव्हता. चाळीत तो नेहमी दुसऱ्याच्या भिंतीवर आपटायचा. "त्या वेळी मी मनातून हरलेच होते," त्यांनी आईला सांगितलं. "म्हटलं, या गळ्याला असंच घर पाहिजे. खड्ड्यात गेलं भाडं."

पण दुसऱ्या अभंगानंतर एकाने घड्याळाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी रविवार असला तरी कुणाला खात्यात सफाईसाठी जायचं होतं, कुणाच्या घरी तान्हं मूल. वाट लांब आणि काळोखी. माणसं दत्तारामच्या पाया पडून, ओशाळून उठू लागली. भजनाच्या शेवटी गजर होतो. सगळ्यांनी उभं राहून, एका तालात, अंगात येईल इतक्या जोरात म्हणायचा. गजराला चौघं उरले, बाकीच्या तिघांचे गळे दमलेले. दत्ताराम उभा राहिला आणि एकट्याच्या गळ्यावर त्याने गजर पुरा केला. त्या मोठ्या घरात तो फार मोठा वाटला, आणि फार एकटा.

परतताना कंदील धरून तो पुढे चालत राहिला.

पुढचा शनिवार घाटकोपरचा. सोसायटीचे सेक्रेटरी शरच्चंद्र प्रधान, सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी परवानगी दिली, पण बजावून. "नऊच्या ठोक्याला बंद. इथे नोकरदार माणसं राहतात."

"आम्हीपण नोकरदारच आहोत, साहेब," सुगंधाबाई म्हणाल्या.

सात वाजायच्या आत खोली भरली. गुडघ्याला गुडघा लागला. पखवाज ठेवायला जागा होईना, तेव्हा गुणाजी खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसला. मागून आलेले गॅलरीत बसले, त्यांच्या मागून आलेले जिन्यावर. ज्यांनी मुलुंडला येतो म्हणून तोंड लपवलं होतं तेही आले, आणि दत्तारामने त्यांना काही ऐकवलं नाही. शेजारच्या बाया दारात आल्या. आवाज घुमायला जागाच नव्हती. तो माणसांच्या अंगात मुरत होता.

नऊ वाजता प्रधान जिना चढून वर आले. गजर नुकताच उभा राहिला होता. पुढे जायला वाट नाही, मागे वळायला वाट नाही. जिन्यावरच्या एकाला घाम पुसायचा होता. त्याने आपले टाळ न बघताच शेजारच्या माणसाच्या हातात दिले. तो माणूस म्हणजे प्रधान. क्षणभर ते टाळांकडे पाहत राहिले. मग वाजवू लागले.

नऊचा ठोका त्या रात्री कुणी ऐकला नाही.

गजर संपल्यावर दत्ताराम घामाने भिजून बाहेर आला, कठड्याला टेकला. सुगंधाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"फणस गेला," तो म्हणाला.

"बाजारात मिळतो."

"माझा आवाज तिथे चांगला लागला होता गो."

"ऐकला मी," त्या म्हणाल्या. "जन्मभर पुरेल. पण गजराला तुम्ही एकटे उभे राहिलात, ते माझ्याने बघवलं नाही."

दत्तारामने खाली रस्त्याकडे पाहिलं. मंडळाची माणसं बोलत, हसत स्टेशनात शिरताना इथून दिसत होती. तांब्या रिकामा करून त्याने परत दिला.

"सोसायटीच्या कागदावर नाव तुझं लागू दे," तो म्हणाला. "पारख तुझी."

म्हणून आमच्या दारावर पाटी आहे ती 'सौ. सुगंधा दत्ताराम मुणगेकर' अशी. सबंध मजल्यावर बाईच्या नावाची ती एकच पाटी. खोली एक दिवसही रिकामी राहिली नाही. दत्ताराम यंदा गिरणीतून निवृत्त झाला, आणि त्याच्या पगाराच्या जागी आता या खोलीचं भाडं त्यांची चूल पेटवतं. भजनाच्या दिवशी प्रधान आता ऑफिसातून लवकर येतात. येताना स्वतःचे टाळ आणतात.

परवाच्या शनिवारीही खोली तुडुंब भरली होती. सुगंधाबाई उशिरा आल्या, आणि नेहमीसारख्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. आईला ते बरं वाटेना. "मालकीणबाई, अहो आत या ना," ती म्हणाली. "तुमचीच खोली, आणि तुम्हीच जिन्यावर?"

सुगंधाबाईंनी पदर सारखा केला. आत दत्तारामने सूर लावला होता, आणि दारापासून खालच्या मजल्यापर्यंत माणसं हलत होती.

"आत जागा उरली असती," त्या म्हणाल्या, "तर मुलुंडचंच घर घेतलं असतं."