काकांच्या बोटाला कळणारा चाप

शेजारच्या घरात आता पुण्याचं एक तरुण जोडपं राहतं. मुलगी गोड आहे, मुलगा माझ्या नवऱ्यासारखाच कॉम्प्युटर चिप्सच्या फॅक्टरीत इंजिनिअर आहे, आणि गॅरेजमध्ये त्यांनी गाडीचा चार्जर लावलाय. पूर्वी, इथे काका राहायचे तेव्हा, त्या भिंतीला त्यांचं लाकडी टेबल होतं. मी कढीचं पातेलं घेऊन गेले तरी नजर आधी त्या भिंतीकडे जाते आणि त्या बिचाऱ्या चार्जरचा उगाच राग येतो.

काका म्हणजे माझे कुणी सख्खे काका नव्हेत. ॲरिझोनातच जन्मलेले, हायस्कूलमध्ये इतिहास शिकवून रिटायर झालेले, बायको गेल्यापासून एकटे राहणारे गोरे गृहस्थ. चँडलरमधली आमची अख्खी गल्ली त्यांना नावाने हाक मारायची, अगदी माझी चिमुरडी मुलगीसुद्धा. माझ्या वडिलांपेक्षा मोठ्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ काही वळेना. म्हणून मी ‘काका’ म्हणायला लागले. त्यांनी अर्थ विचारला. वडिलांचा भाऊ, असं सांगितल्यावर म्हणाले, “मग वडिलांना कळव, हरवलेला भाऊ सापडला.”

एका शनिवारी ते ट्रकमध्ये लांबट पिशव्या ठेवत होते. मी कुंपणापलीकडून विचारलं, काय आहे? बंदुका, म्हणाले, आणि मी आता घाबरून घरात पळणार अशा तयारीने माझ्याकडे बघत राहिले. मला हसूच आलं. नागपूरला कॉलेजात मी एनसीसीत होते. सतरंजीवर पालथं पडून डॉट टू टू रायफल चालवलेली, आणि डोक्याशी उभे राहून ओरडणारे आमचे उस्ताद: “ट्रिगर खींचो मत, दबाओ!” हे सगळं मी काकांना अभिनयासकट करून दाखवलं. ते म्हणाले, “चल मग.” पण नवरा पुण्याचा. त्याने आधी वकिलाला फोन केला आणि ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत मला बंदुकीला बोट लावू दिलं नाही. “यार, व्हिसावर असताना हे असले प्रॉब्लेम नकोत.” ते ठीकच होतं, पण तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नव्हते.

कार्ड आलं आणि आमचे शनिवार सुरू झाले. गावाबाहेरच्या वाळवंटात रेंज होती, पत्र्याचं छप्पर, सिमेंटची टेबलं, समोर मातीचा उंच बांध. सकाळच्या उन्हात तापायला लागलेल्या पत्र्याचा आणि बंदुकीच्या तेलाचा वास अजून आठवला की मला त्या वयात परत जावंसं वाटतं. काकांच्या तीन बंदुका होत्या, तिन्ही लिव्हरच्या. मुठीखाली लोखंडी कडी असते. ती खाली ढकलून वर ओढली की रिकामं काडतूस उडून बाहेर पडतं आणि नवं आत बसतं. नेम किती लागला याच्याशी काकांना फारसं देणंघेणं नसायचं. तिन्हींतून ते मला एकेकच गोळी झाडायला लावायचे आणि मग चाप कसा सुटला, धक्का कुठे बसला, हे इतकं खोदून विचारायचे की वर्गातली पोरं यांना कशी सहन करत असतील असं वाटायचं.

सगळ्यात जुनी होती त्यांच्या वडिलांची, थर्टी-थर्टी नावाच्या काडतुसाची. सडपातळ, हातांनी घासून घासून लाकूड गुळगुळीत झालेली. तिचा चाप हट्टी. आधी थोडा मोकळा यायचा, मग कुरकुरत अडायचा, जोर वाढवत राहिलं की शेवटी एकदाचा सुटायचा. धक्का मात्र ओळखीच्या माणसाने खांद्यावर थाप मारावी तसा. दुसरी जाडजूड, मोठ्या काडतुसाची. तिचा चाप चिक्की तुटावी तसा कडक आणि स्वच्छ, पण धक्का असा की पहिल्या दिवशी माझा खांदा काळानिळा झाला. नवऱ्याने तो डाग बघितला आणि म्हणाला, “फुल बाह्यांचं काहीतरी घालून जा बाई ऑफिसला, लोक मला आत टाकतील.”

तिसरी काकांनी खांद्याच्या ऑपरेशननंतर घेतली होती. दस्त्याला मऊ रबर, आणि चाप इतका हलका की बोट टेकवायचा अवकाश. ती त्यांची लाडकी. माझी लाडकी जुनी. यावरून आमची कायम जुंपायची. “तुला कुरकुर करणारी बंदूक आवडते,” ते म्हणायचे. मी म्हणायचे, “निदान येताना सांगून तरी येते, काका. तुमची ही न विचारता घरात घुसते.” परतताना ते बरीटो घ्यायचे, मी डब्यातली पोळीभाजी काढायचे, आणि ट्रकच्या मागच्या फळीवर बसून भांडण पुढे चालू. खरं सांगायचं तर या देशात माझं पहिलं मैत्र ते. माहेरी जशी तोंडाला येईल ते बोलायचे, तशी इथे फक्त त्यांच्याशी बोलू शकायचे.

आणि मग एका शनिवारी गोळी आधी सुटली. काका टेबलाशी बसून त्यांची लाडकी बंदूक खांद्याला नीट लावत होते, अजून निशाण्याकडे पाहिलंही नव्हतं, आणि धाडकन आवाज झाला. गोळी समोरच्या जमिनीत घुसली. कुणाला काही झालं नाही, पण शेजारच्या टेबलांवरची माणसं थांबून आमच्याकडे बघायला लागली. काकांनी बंदूक खाली ठेवली आणि म्हणाले, “ट्रिगर बिघडलाय. तू बघ.” मी रिकामी करून पाहिली. परत परत दाबून पाहिली. चाप नेहमीसारखाच होता.

“काका, चाप ठीक आहे,” मी म्हटलं. मला तेव्हा काहीतरी गोड बोलता आलं असतं, बोलायची इच्छाही होती. पण गोळी जमिनीत गेली होती, माणसात नाही, एवढंच आमचं नशीब. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मधुमेहाने पायाची बोटं आधीच बधिर केली होती, ते मला माहीत होतं. हाताचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. “धक्का कळतो मला,” ते म्हणाले. “पूर्ण कळतो. त्याच्या आधीचं काही कळत नाही.”

दुसरा कुणी असता तर थांबला असता. काकांनी ठरवलं की बोटाला कळेल इतका जड चाप शोधायचा. मग गॅरेजमधल्या त्या टेबलापाशी आमच्या परीक्षा सुरू झाल्या. बंदूक रिकामी, त्यांचे डोळे मिटलेले. चापाचा स्पर्श कळला की त्यांनी “नाऊ” म्हणायचं आणि मी त्यांच्या बोटाकडे बघायचं. लाडक्या बंदुकीवर “नाऊ” यायच्या आत खट्ट व्हायचं. जाडजूड बंदुकीवर कधी जमायचं, कधी नाही, आणि तिचा धक्का ऑपरेशन झालेल्या खांद्याला झेपणारा नव्हता. वडिलांच्या जुन्या बंदुकीचा हट्टी चाप मात्र त्यांना कळायचा. बहुतेक वेळा कळायचा.

त्याच उन्हाळ्यात त्यांना हरणाच्या शिकारीचा परवाना लागला. इथे तो लॉटरीने मिळतो, आणि बरीच वर्षं त्यांना मिळालेला नव्हता. पोरासारखे नाचत ते आमच्या दारात आले. परवाना त्यांच्या नावाचा, म्हणजे गोळी त्यांनीच झाडायची, माझी मदत त्यात चालणार नव्हती. तरुणपणी घाईत सुटलेल्या एका गोळीने एक हरीण जखमी होऊन पळालं होतं आणि शोधून सापडलं नव्हतं. ते त्यांना कायम लागून राहिलं होतं. खात्री नसेल तर चापाला हात नाही, हा तेव्हापासूनचा नियम. त्यांच्या मुलीचा जॉर्जियाहून मला फोन आला, “प्लीज, त्यांना थांबव.” मी म्हटलं, मी कोण थांबवणार? मी सोबत जाते. फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, “तू वेडी आहेस.” आणि मग थर्मासमध्ये आल्याचा चहा त्यानेच भरून दिला.

हिवाळ्याच्या तोंडावर, शिकारीच्या दिवशी, उत्तरेकडच्या पाइनच्या जंगलात थंडी मी म्हणत होती. उतारावर एका पडलेल्या खोडाला टेकून आम्ही बसलो. माझ्याकडे दुर्बीण, काकांच्या मांडीवर वडिलांची थर्टी-थर्टी. ऊन झाडांच्या शेंड्यांवरून खाली उतरलं तेव्हा खालच्या गवतात एक नर आला. मोठी शिंगं, मोठे कान, निवांत चरणारा. अंतर अगदी थोडं. मी दुर्बीण खाली ठेवली.

काकांनी अंगठ्याने घोडा, म्हणजे गोळी उडवणारा छोटा हातोडा, मागे ओढला आणि बंदूक खांद्याला लावली. मी त्यांच्याकडे बघत होते. गालाला लाकूड टेकलेलं, एक डोळा मिटलेला, श्वास रोखलेला. मग त्यांनी हरणावरची नजर काढली आणि मान वाकवून स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. बोट चापावर आहे की नाही, हे त्यांना डोळ्यांनी बघावं लागलं.

त्यांनी पुन्हा नेम धरला. पुन्हा खाली पाहिलं. मग बोट सरळ केलं, नळी उताराच्या मातीकडे वळवली आणि बंदूक तशीच माझ्याकडे सरकवली. “उतरव,” ते पुटपुटले.

जुन्या लिव्हर बंदुकीला सेफ्टीचा खटका नसतो. ताणलेला घोडा उतरवायचा तर तो अंगठ्याने घट्ट धरून चाप दाबायचा आणि घोडा इंचाइंचाने खाली सोडायचा. अंगठा निसटला तर गोळी सुटते. बधिर हाताचं ते काम नाही, आणि ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं. मी घोडा धरला, चाप दाबला, आणि त्यांची सगळी शिकार माझ्या अंगठ्याखालून हळूहळू खाली आली. कसलाही आवाज झाला नाही.

“झालं?” त्यांनी विचारलं. ते हरणाकडे बघत होते.

“झालं, काका,” मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. मी तोंडावर हात दाबला तरी हुंदका यायचा तो आलाच. खालच्या गवतात हरणाने मान वर केली.

काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “हळू रड,” ते म्हणाले, “पळून जाईल तो.”