सरांची डावी भुवई

पेणला आमचा गणपतीचा कारखाना हाय. इथं किस्से म्हणजे प्लास्टरची धूळ. सकाळी झाडा, दुपारी परत तेवढीच! त्यात सरांचे लई. सर नाटकं लिहायचे. घर शेजारीच, पण लिहायला बसायचे आमच्यात, रंगाच्या उलट्या डब्यावर. म्हणायचे, "हे गणपती मधे मधे बोलत नाहीत."

*

नववीत मी शाळेला दांडी मारली आन् मोठ्या मूर्तीमागं लपलो. सर मूर्तीपुढं उभं राहून म्हणाले, "बाप्पा, तुमचा उंदीर आज शाळेत गेला नाही वाटतं!"

*

एकदा सरांचा चष्मा लावून मी त्यांच्या डब्यावर बसलो. भुवई वर, आवाज जाड. "पक्या, गाढवा, तुझ्यावर नाटक लिहीन!"

हसणारे एकदम गप झाले. मागं सर!

म्हटलं, आता कानाखाली. सर म्हणाले, "डावी भुवई अजून वर."

*

रोज दुपारी सरांची बायको, आमच्या काकू, कारखान्याच्या दारात. "अहो, चला, भात निवतोय!"

सर कागदावरून मान वर काढून, डावी भुवई चढवून नुसते बघायचे.

"असं काय बघताय?" काकू म्हणायच्या. मग दोघंपण हसायचे.

*

गेल्या साली सर गेले. डबा तिथंच हाय. कोण बसत नाय त्यावर. मीपण नाय.

रोह्याच्या वाचनालयानं सरांचं ऑइल पेंटिंग आमच्या कारखान्यातल्या नानाकाकाला करायला सांगितलं. काका म्हणजे आखणीचा, मूर्तीचे डोळे रंगवायचा किंग! पण जन्मभर डोळे काढले ते गणपतीचे. चित्र झालं. चष्मा तोच, कोट तोच. आन् मूर्ती बघायला आलेलं गिऱ्हाईक चित्राला हात जोडून गेलं!

काकू बघून म्हणाल्या, "नाना, हे आशीर्वाद देतायत. आमचे असे नव्हते हो. हे नका पाठवू रोह्याला."

काका दिवसभर जेवला नाय.

*

दुसऱ्या दिवशी काकानं चित्रातले डोळे खरवडले. "पक्या, बस डब्यावर. सरांची नक्कल कर."

आयुष्यात पहिल्यांदा नक्कल जमेना. काका ब्रश धरून थांबलेला. शेवटी मीच मला म्हटलं, "डावी भुवई अजून वर."

नाकावर माशी बसली, तरी हललो नाय.

चित्र झाल्यावर काकूंना हाक मारली. चुलीपुढनं उठून तशाच आल्या, हाताला भाताची शितं. चित्रापुढं उभ्या राहिल्या. मग पदर खोचला.

"असं काय बघताय? भात निवतोय!"