शेजारी क्रांती, दारी लग्न

उलबोसिन म्हणजे ‘मुलगा होऊ दे’. चौथीही मुलगीच झाली तेव्हा बापाने वैतागून तिचं हे नाव ठेवलं, आणि पाचवीही मुलगीच झाली. तेव्हापासून वरून आलेला हुकूम आणि खालून केलेला अर्ज, दोन्हींवर उलबोसिन आपाचा सारखाच अविश्वास. कोकतोगाय गावात तिचा धंदा एकच. लाकडी जाळीच्या भिंतींचा, वर लोकरीचा जाड नमदा पांघरलेला मोठा गोल तंबू ती भाड्याने देई. लग्न असो, मयत असो, सण असो, तंबू आपाचाच.

गावाच्या खालून नदी वाहते आणि पुलापलीकडे किर्गिझांचा देश लागतो. त्या मार्चमध्ये तिकडचे लोक राजधानीच्या चौकात जमले, महालात शिरले आणि राष्ट्राध्यक्ष पळून गेले. वर्तमानपत्रांनी या प्रकाराला ट्युलिपच्या फुलांचं नाव दिलं.

त्याच संध्याकाळी कोकतोगायच्या अकीमसाहेबांची, म्हणजे नगरप्रमुखांची, तब्येत बिघडली. ते हवापालटासाठी लांबच्या आरोग्यधामात गेले आणि गाव नायब अकीम निगमेत सापारोविचच्या गळ्यात पडलं. निगमेतने पहिल्याच दिवशी कचेरीपुढचा ट्युलिपचा वाफा उपटून तिथे कांदे लावायला लावले. गावामागच्या टेकड्यांवर रानट्युलिप नेहमीसारखे फुलून आले, पण त्यांच्यापर्यंत कचेरीचा शिक्का पोचत नव्हता.

विरोधी पक्षही हातावर हात ठेवून बसला नव्हता. विरोधी पक्ष म्हणजे ओराझाली मास्तर आणि त्यांचा मेहुणा. हिवाळ्यात युक्रेनमध्ये गडबड झाली तेव्हा मास्तर नारिंगी मफलर घालून हिंडले होते, आणि निगमेतने बागेतली नारिंगी बाकं हिरवी करून घेतली होती. आता मास्तरांचा मफलर गुलाबी झाला. भाषण मात्र तेच राहिलं, फक्त शेजाऱ्याचं नाव बदललं.

आपाला या सगळ्याचा एक फायदा झाला. क्रांतीच्या भीतीने पेन्शन वेळेवर आलं. वर पोस्टातली बाई चक्क “बसा ना, आपा” म्हणाली.

“शेजारी दर महिन्याला क्रांती होऊ दे ग बाई,” आपा म्हणाली, “आपल्याकडे नको. आपल्याकडे झाली तर पेन्शन कोण देणार?”

पण तिची झोप उडाली होती ती वेगळ्याच कारणाने. तिचा एकुलता एक मुलगा कायसार अडतिशीला आला तरी बिनलग्नाचा होता. मुलगी समोर आली की तो बुटांकडे बघे. अखेर पलीकडच्या तोकमोकच्या बाजारात गाद्या विकणाऱ्या बुरुलचाने त्याला स्वतःच विचारलं, “गादी घ्यायचीय की मला न्यायचंय?” सगळं जमलं, दिवस ठरला, आणि तेवढ्यात क्रांती आली. मग बुरुलचाच्या बापाचा निरोप आला, “शनिवारी वऱ्हाड घेऊन येतो. पण पुलावरून परत पाठवलंत, तर विषय संपला. वाटेतून परत फिरवलेली मुलगी आमच्यात पुन्हा त्याच दारी धाडत नाहीत.”

शनिवारी सकाळी आपाने तंबू उभारायला घेतला. कोकतोगायमध्ये लग्नाचा तंबू कचेरीसमोरच्या चौकातल्या मैदानात पडतो, आजवर तसाच पडत आलाय. जाळीच्या भिंती गोल उभ्या राहिल्या. मधोमध कायसारने लांब दांड्यावर शानिराक उचलून धरला. तंबूच्या माथ्याचं हे लाकडी कडं. ते कुणीतरी वर तोलून धरायचं, आणि बायकांनी भोवतीने छताच्या काठ्या त्यात खोचायच्या. तेवढ्यात दोन पोलिसांना घेऊन निगमेत धावत आला.

“आपा! बंद करा हे! चौकात तंबू? पलीकडे सुरुवात तंबूनेच झाली होती!”

“आणि शेवट जावयाच्या मानपानाने झाला होता का? लग्न आहे रे, निगमेत.”

“पलीकडची बस भरून माणसं येतायत म्हणे. मी पुलावरच्या अधिकाऱ्याला बस थांबवून ठेवायला सांगितलंय. त्याचा फोन आला की परत पाठवणार. क्रांती निर्यात होतेय, आपा!”

पुलावरून परत म्हणजे विषय संपला. पण आपाने चेहरा हलू दिला नाही. “वऱ्हाड आहे ते. त्यात फार तर पाच म्हाताऱ्या, एक अकॉर्डियन आणि गाद्या निघतील.”

“ते काही नाही. पाडा रे हे!”

पोलीस जागचे हलले नाहीत. “साहेब, दुसरं काहीही सांगा,” त्यांतला थोरला म्हणाला. “शानिराक पाडणाऱ्याचं घर मोडतं. माझी बायको गरोदर आहे.” धाकट्याने नुसतंच कचेरीच्या दाराकडे बोट दाखवलं. दारावर देशाचं बोधचिन्ह होतं, आणि बोधचिन्हाच्या मधोमध शानिराकच होता.

“बरं तर,” आपा म्हणाली. “कायसार, साहेबांचा हुकूम आहे. सोड.”

कायसारने जन्मात आईचं ऐकायचं टाळलं नव्हतं. त्याने सोडला. कडं कलंडलं, बायका किंचाळल्या, आणि निगमेत सापारोविचने झेप घेऊन दांडा दोन्ही हातांनी पकडला. कचेरीपुढे, देशाच्या चिन्हाखाली, भर दिवसा शानिराक पाडणारा अधिकारी म्हणून त्याला ओळख नको होती.

“धर नीट,” आपा म्हणाली. “पोरींनो, खोचा काठ्या.”

एवढ्यात गुलाबी मफलर फडकवत ओराझाली मास्तर आले. चौकात तंबू, तंबूत सरकार, आणि सरकारच्या हातात शानिराक! त्यांच्या पक्षाला एवढं बघवेना.

“शानिराक जनतेचा आहे!” असं ओरडून मास्तरांनीही दांडा धरला. सरकारने डावीकडे ओढला, विरोधकांनी उजवीकडे. कडं वर डुलायला लागलं.

त्याच वेळी निगमेतच्या कोटात फोन वाजला.

“पुलावरून असेल! आपा, खिशातून काढा. माझ्या कानाला लावा!”

आपाने फोन काढला आणि अगदी मायेने त्याच्या कानाला लावला.

“साहेब, बस उभी आहे,” पुलावरचा अधिकारी म्हणाला. “सोडू का?”

निगमेतने तोंड उघडलं, आणि नेमका तेव्हाच मास्तरांनी दांड्याला हिसडा दिला.

“सोड!” निगमेत ओरडला. “सोड म्हणतोय ना! ताबडतोब सोड, गाढवा!”

“जी साहेब!” अधिकारी म्हणाला आणि फोन बंद झाला.

निगमेतच्या चेहऱ्याचा रंग उतरला. “आपा, परत लावा फोन! मी ते याला म्हणत होतो!”

“मला कुठे येतो रे लावायला,” आपा म्हणाली. आठवड्यातून तीनदा ती तोकमोकला फोन लावत होती. “तूच लाव. पण आधी दांडा मास्तरांकडे दे.”

“याच्याकडे? हा मुद्दाम पाडेल आणि माझं नाव घेईल!”

“मी सोडला तर हा एकटाच धरून राहील,” मास्तर म्हणाले, “आणि उद्या म्हणेल, देश मीच सावरला!”

मग दोघंही हात वर करून तसेच उभे राहिले. घामाने गुलाबी मफलरचा रंग मास्तरांच्या कॉलरवर उतरला. मास्तरांचा मेहुणा येऊन भाषण कधी सुरू होणार असं विचारून गेला. आपाने दोघांच्याही तोंडात एकेक गरम बाउर्साक घातला. लग्नाचं तळण होतं ते, त्यात पक्ष बघायचा नसतो.

अकॉर्डियनचा आवाज आधी आला, मग बस आली. गाद्या उतरल्या, पाच म्हाताऱ्या उतरल्या, आणि मग लाल ओढणीत बुरुलचा. आपा दोन्ही हात पसरून धावली आणि तिला पोटाशी धरून भर मैदानात मोठ्याने रडली. अडतीस वर्षांची काळजी होती. ती काही हळू आवाजात निघत नाही. कायसार या वेळी बुटांकडे बघत नव्हता.

व्याह्यांनी तंबूत डोकावून पाहिलं. “हे दोघे कोण?”

“हे आमचं सरकार. आणि हे आमचे विरोधक.”

“असे हात वर करून का उभे आहेत?”

“आधी कुणी सोडायचं, यावर अडलंय.”

निगमेतने खांद्याने कपाळाचा घाम पुसला. “आपा,” तो काकुळतीला येऊन म्हणाला, “आता तरी सोडू का?”

आपाने वर पाहिलं. काठ्या चहूबाजूंनी पक्क्या बसल्या होत्या. शेवटची गाठ मारून बायका केव्हाच चहाला गेल्या होत्या.

“सोडा रे दोघं,” ती म्हणाली. “तंबू केव्हाचा उभा आहे. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही.”