पाचव्या शीलाच्या वेळी

बौद्ध झाल्यावर बाळापूरजवळच्या आमच्या वस्तीत दर पौर्णिमेला सगळे मिळून पंचशील म्हणू लागले. चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं दारू न पिण्याचं. वडील रोज मोहाची पीत. पहिली चार शीलं ते सगळ्यांबरोबर म्हणत आणि पाचव्याला गप्प होत, कारण खोटं बोलणं त्यांना जमत नसे. आईनं मला बजावलं होतं, "पाचवं तू जोरानं म्हण, त्यांचं गप्प राहणं झाकलं जाईल. घरची गोष्ट घरात राहू दे." मी अकोल्याला कॉलेजात होतो, पण तेवढ्यासाठी पौर्णिमेला घरी येई.

एकदा वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं मला गाठलं. "तुहा बाप पाचव्याले चूप काहून रायते?"

"घसा बसते त्याइचा."

"बराबर पाचव्यालेच बसते का रे?" तो हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "खरं सांग. आमी चारजण समजावू त्याले."

"तसं काही नाही, बाबा," मी म्हणालो.

वडील मागंच उभे होते. घरी जाताना ते म्हणाले, "सांगून द्याचं होतं ना रे त्याले."

पुढच्या पौर्णिमेला मी पाचवं शील आणखी मोठ्यानं म्हटलं. दारूनं वडील गेले, तोवर मी तसंच म्हणत राहिलो.