काळ्याचा पांढरा पाय

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या मुंजाजीला कुत्र्यांचा मनस्वी तिटकारा, आणि पोट भरत होतं ते कुत्र्यांच्याच फोटोंवर. माळावर कारवानी जातीच्या कुत्र्यांच्या शर्यती लागल्या की हा कॅमेरा गळ्यात अडकवून हजर. जिंकलेलं कुत्रं मालकासोबत उभं करायचं, फोटो काढायचा, स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत स्वतःच धुऊन मोठा करून द्यायचा. लग्नाची गिऱ्हाइकं हिंगोलीला जायची. याच्या वाट्याला ही कुत्रेवाली माणसं. तीही त्याला आवडत नसत.

सगळ्यांत जास्त राग कौशल्याबाईवर. मेंढरं राखणारी बाई. १९९५ साली तिचा एका पांढऱ्या पायाचा काळ्या शर्यत जिंकला आणि फोटोच्या वेळी मुंजाजीच्या पोटरीला कडकडून चावला. बाई हसली. "तुजा वास आवडला न्हाई त्याला," म्हणाली. पोटात इंजेक्शनं घेताना मुंजाजीला ते हसूच आठवत होतं.

पुढच्या वर्षी काळ्या पुन्हा पहिला आला. एकच कुत्रं लागोपाठ दोनदा जिंकलं की फिरती ढाल मालकाला कायमची मिळायची. दुसऱ्या नंबरानं आलेल्या कुत्र्याचे मालक बागायतदार किसनराव. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी गडी पाठवून स्टुडिओच्या भिंतीवरचा गेल्या वर्षीचा फोटो आणवला आणि पंचांपुढं धरला.

"फोटूत पांढरा पाय उजवा हाय. हितं डावा. बाईनं कुत्रं बदललं."

फोटो पाहताच मुंजाजीच्या ध्यानात आलं. छापताना निगेटिव्ह उलटी बसली होती. डाव्याचं उजवं झालं होतं. एक शब्द बोलला असता तर तिथंच मिटलं असतं. पण मग धंद्याचं नाव जाणार, वर ही बाई पुन्हा हसणार.

"कॅमेऱ्याला दिसलं तेच आलं बघा," तो पंचांना म्हणाला.

लोक बाईला चोरटी म्हणू लागले. पंचांनी तिच्या हातातली ढाल काढून घेतली. ती भांडली नाही. फोटो मागून घेतला, उन्हात धरून न्याहाळला आणि पंचांना नाकातली फुली दाखवली.

"ही टोचली तवापासून डावीकडं हाय. फोटूत उजवीकडं काहून गेली?"

पंचांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा फोटोकडं. ढाल मुकाट्यानं परत आली. किसनराव जीपमध्ये बसून निघून गेले.

मुंजाजी कसनुसं हसला. "उलटा छापला गेला असंल, मावशी. आत्ता कळलं. उभ्या रहा, ढालीसंगट काढतो."

"फोटू पाहून मघाच तुजं तोंड उतरलं. म्या तुज्याकडंच पाहून राहिले व्हते," ती म्हणाली. "किसनरावाला ढाल पायजे व्हती. तुला काय पायजे व्हतं?"

तिनं शिवी दिली असती तर बरं, असं मुंजाजीला वाटून गेलं.

बाईनं काळ्याची साखळी ओढली आणि ती चालू लागली. मागोमाग बाकीचे मेंढपाळही निघाले. फोटोला कोणी थांबलं नाही. पुढच्या सालापासून शर्यतीला फोटोवाला वाशीमहून येऊ लागला.