सरूबाईंच्या शेजारची जागा

लोक फ्लॅट बुक करून ठेवतात. धर्माजी पुरींनी समाधीची जागा बघून ठेवली होती आणि तीही मोक्याची, बायकोच्या अगदी शेजारची.

घोडबंदर गावात, खाडीच्या अंगाला, महादेवाच्या लहानशा देवळामागे पुरी गोसाव्यांची ही जुनी जमीन आहे. गोसाव्यांत माणसाला जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, मीठ आणि विभूती घालतात, वर माती लोटतात. पुरुषाच्या समाधीवर दगडाची पिंड येते आणि बाईच्या वाट्याला नुसता धोंडा. मेल्यावरही हा दुजाभाव काही सुटत नाही. धर्माजींनी मात्र सरूबाईंना फरशी लावलेला छान ओटा बांधून दिला आणि भाऊबंदांची नाराजी खुशाल अंगावर घेतली.

माणूस तसा अबोल. सारी उमर भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिश मारण्यात गेली. नवघरला एकच खोली, तीत आई, बायको, दोन मुलं. लग्न झाल्यावर कितीतरी वर्षं नवराबायकोच्या मध्ये आईचं अंथरूण असायचं. सरूबाईंनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. शेवटच्या दुखण्यात मात्र एकदा म्हणाल्या, "तिथे मला एकटीला भीती वाटेल हो." धर्माजी म्हणाले, "मी येतोय ना मागून."

हा शब्द त्यांच्या जिवाला लागून राहिला होता. दर सोमवारी ते बसने घोडबंदरला जायचे, झाडलोट करायचे, स्वतः पॉलिश केलेल्या तांब्याने एकेका समाधीला पाणी घालायचे. मग सरूबाईंच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर टेकून घरच्या चार गोष्टी सांगायचे आणि आपल्याला उशीर होतोय याबद्दल बायकोची माफी मागायचे.

अशात एक दिवस संचिता गिरी नावाच्या मुलीचा फोन आला. ठाण्याला नोकरी करणारी, मूळची रोह्याची. तिच्या आजीची आई चंपाबाई ही या पुरींची लेक, म्हणजे धर्माजींची लांबची चुलत आत्या. नवऱ्याने टाकलं तेव्हा तान्ही पोर सासरच्यांनी ठेवून घेतली आणि चंपाबाई एकटीच माहेरी परतली. वर्षभरात ती गेल्याचा निरोप रोह्याला आला. ती पोर आता अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे आणि तिने एकच ध्यास घेतलाय, माझ्या आईला कुठे बसवलं ते शोधा.

धर्माजींनी आधीच सांगून टाकलं की इथे सापडायची नाही. लेक एकदा दिली की तिची माती सासरची. तिला माहेरच्या जमिनीत जागा देत नाहीत. तरी यायचं तर ये.

संचिता सोमवारी आली. धर्माजींनी तिला एकेक समाधी नावानिशी दाखवली. हे आजोबा, हे काका, ही माझी आई. चंपाबाईचं नाव कुठेच निघालं नाही. आजीला आता काय सांगू, म्हणून मुलगी हिरमुसली, पण संस्कार चांगले, बादली उचलून त्यांच्या मागोमाग चालू लागली. धर्माजी नेहमीच्या क्रमाने पाणी घालत निघाले. सरूबाईंच्या ओट्यावर एक तांब्या झाला, मग शेजारच्या मोकळ्या जागेवर एक.

"आजोबा, हे पाणी कुणाला?"

"कुणाला नाही. तिथे कोणी नाहीये. आई घालायची, म्हणून मी घालतो."

बोलून गेले आणि तांब्या हातातच राहिला. आई म्हणजे महाकंजूष बाई. त्या काळी पाणी विहिरीवरून शेंदून आणावं लागे आणि भांडी विसळलेलं पाणीही ती तुळशीला घाली. ती उगाच मातीत तांब्या ओतेल? आणि काका गेले तेव्हा पुरुषमंडळी इथेच खणायला लागली होती. जन्मात कधी चारचौघांत तोंड न उघडलेली आई पुढे येऊन उभी राहिली होती. म्हणाली, इथे नको, इथे जमीन ओली आहे. सगळ्यांनी मानलं. पण सरूबाईंचा खड्डा हातभर अंतरावरच खणला, तेव्हा माती कोरडी ठणठणीत निघाली होती. धर्माजींनी ती डोळ्यांनी पाहिली होती.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मुलीला काहीच उमगलेलं नव्हतं. गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं? जागा त्यांची राहिली असती, सरूबाईंना दिलेला शब्दही राहिला असता. त्यांनी ओट्याकडे पाहिलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. बायकोने उभ्या आयुष्यात मागितलं होतं ते एवढंच.

"पोरी," ते शेवटी म्हणाले, "आजीला फोन लाव तुझ्या."

फोनवर त्यांनी सगळं सांगितलं. लेकीला इथे बसवलं हे बाहेर कळू नये म्हणून भावांनी वर धोंडा ठेवला नसणार. पण माझ्या आईला ठाऊक होतं. तिने पाणी कधी चुकवलं नाही आणि तिच्यामागे, नकळत का होईना, मीही नाही.

पलीकडे म्हातारी बराच वेळ रडत होती. मग तिने बारीक आवाजात विचारलं, "एकटीच हाय का वो माझी आई तिथं?"

"एकटी कशी?" धर्माजी म्हणाले. "अगदी खेटून माझी सरू बसलीय."

आणि बोलता बोलता त्यांच्याच ध्यानात आलं. सरूही तर इतके दिवस एकटी नव्हती. आपण उगाच जीव जाळत होतो.

संचिताने बांधावरचा एक चांगला धोंडा आणला आणि दोघांनी मिळून तो बसवला. ओटा धर्माजी नंतर बांधणार होते, तोही फरशीचा. मग त्यांनी पलीकडे कुंपणाच्या भिंतीपर्यंत उरलेली चिंचोळी पट्टी न्याहाळली. बसायला माणसाला जागा ती कितीशी लागते?

"माझं आता तिकडे, भिंतीला टेकून," त्यांनी सरूबाईंना सांगितलं. "मध्ये आत्या राहू दे. आपल्याला सवय आहे."