ब्रेकचा शेंदूर

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, तेव्हा अकोल्याच्या एका कापूस प्रेसमध्ये मी सुपरवायझर होतो. रुईच्या गाठी उचलणाऱ्या हातक्रेनवरच्या माणसांना सुरक्षिततेचे धडे देणं हे माझं काम. क्रेन मी स्वतः कधी चालवली नव्हती. पण इंग्रजी पुस्तिका वाचता येत होती, आणि शेठजींना तेवढं पुरेसं वाटलं.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा होती. शेठजी म्हणाले, "क्रेनची पूजा मास्तरांच्या हातून होऊ द्या." मी तेलात कालवलेला शेंदूर घेतला. हुकाला लावला, साखळीला लावला. ब्रेकचं गोल चाक देवासारखं दिसत होतं, म्हणून त्याला जरा सढळ हाताने चोपडला. क्रेनवरचा मिस्त्री वाटी धरून उभा होता. सगळ्यांनी हात जोडले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धडा होता. मिस्त्रीने गाठ वर नेऊन ब्रेक लावला. लटकत्या गाठीखाली कुणी थांबायचं नाही, हे नीट कळावं म्हणून मी नेमका तिच्याखाली खुर्ची टाकून बोलत होतो.

"सरका, मास्तर!" मिस्त्री ओरडला.

मी उडी मारली. गाठ खुर्चीवर आली आणि खुर्चीच्या काड्या झाल्या.

"आता समजलं बुवा," मागून कोणीतरी म्हणालं.

शेठजी धावत आले. ब्रेकच्या चाकावर शेंदूर चकाकत होता. मी म्हणालो, "मिस्त्रीचं लक्ष नव्हतं." त्याला त्याच दिवशी काढलं. मला मात्र अमरावतीच्या प्रेसमध्येही शिकवायला बोलावू लागले. तिथे निष्काळजी मिस्त्रीची गोष्ट फार आवडायची.

पुढे एकदा बडनेरा स्टेशनबाहेर तो संत्री विकताना दिसला.

"काय मास्तर, शिकवून राहिले का अजून?"

"हो."

"माही गोष्ट सांगता म्हणे लोकाइले."

मी संत्री निवडू लागलो.

"तेल तुमचं, वाटी माही," तो म्हणाला. "काढलं मात्र मले एकट्याले. तेलाचंही सांगत जा ना कधी."

पुढच्या धड्यात मी एक नियम वाढवला: ब्रेकला तेल-शेंदूर लावू नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी लावला होता, हे कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. निवृत्तीच्या सत्कारात त्या नियमाचं खास कौतुक झालं.

मिस्त्रीचं लक्ष होतं. नसतं, तर हे लिहायला मी उरलो नसतो.